अमेरिका-अध्ययन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास, साहित्य, कला, धर्म व लोकजीवन यांचा एकत्रित अभ्यास करणारी विद्याशाखा. पीएच्.डी.चा विद्यार्थी सामान्यतः एकाहून अधिक विभागांत अभ्यासक्रम पुरे करतो, निवडलेल्या क्षेत्रांत परीक्षा देतो आणि मग प्रबंधाला लागतो.

या शाखेचा आरंभ नेमका केव्हा झाला, याविषयी एकमत नाही. व्हर्नन लुई पॅरिंग्टन यांच्या अमेरिकन विचारपरंपरेच्या इतिहासापासून (१९२७) काही अभ्यासक तो मानतात. परंतु पॅरिंग्टन यांनी स्वतंत्र अभ्यासक्रम उभा केला नव्हता. येल विद्यापीठात ए. व्हिटनी ग्रिझवोल्ड यांना १९३३ मध्ये अमेरिकेतील यशाच्या उपासनेवरील प्रबंधासाठी पीएच्.डी. मिळाली. हा या विषयातील पहिला प्रबंध असल्याचे बहुधा सांगितले जाते. हार्व्हर्डचा ‘अमेरिकन संस्कृतीचा इतिहास’ हा अभ्यासक्रम १९३६-३७ च्या सुमाराचा. तेथील पहिली पदवी १९४० मध्ये हेन्री नॅश स्मिथ यांना मिळाली. ग्रेट प्लेन्स (देशाच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ मैदाने) व रॉकी पर्वत यांविषयी १८०३ ते १८५० या काळात अमेरिकनांच्या मनात कोणत्या भावना व कल्पना होत्या, हा त्यांचा विषय. प्रदेशाचा इतिहास आणि त्याविषयीची कल्पनासृष्टी एकाच प्रबंधात आणण्याची पद्धत येथे स्पष्ट दिसते. त्यामुळे पद्धतीच्या दृष्टीने हार्व्हर्डचा दावा अधिक सबळ वाटतो.

आरंभाची आणखी एक कथा अमेरिकन इतिहासकार पेरी मिलर यांनी सांगितली आहे. तरुणपणी ते आफ्रिकेत काँगो नदीकाठच्या माताडी बंदरात होते. अमेरिकेहून आलेली तेलाची पिंपे उतरवून घेण्याच्या कामावर देखरेख करत असताना, आपल्या देशाच्या अंतरंगाचा उलगडा करणे हेच आपले कार्य असल्याचे त्यांना जाणवले, असे त्यांनी १९५६ मध्ये लिहिले. पुढे त्यांनी ईशान्य अमेरिकेतील न्यू इंग्लंडमध्ये वसाहत केलेल्या प्युरिटनांचा, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंट पंथीयांचा, अभ्यास केला. अमेरिका-अध्ययनाच्या अभ्यासक एमी कॅप्लन यांनी १९९३ मध्ये याच आठवणीचे वेगळे वाचन मांडले: पिंपे अमेरिकेची आणि बंदर आफ्रिकेचे, तरीही अमेरिकेची ओळख शोधताना आफ्रिका व साम्राज्य दोन्ही दृष्टीआड झाली. या वाचनाने शाखेला आपला पाया तपासावा लागला. ती टीका येथे ग्राह्य धरली आहे.

‘अमेरिकन क्वार्टर्ली’ हे नियतकालिक १९४९ मध्ये व अमेरिकन स्टडीज असोसिएशन १९५१ मध्ये सुरू झाली. शीतयुद्धामुळे या विषयाला आर्थिक पाठबळ मिळाले. विल्यम रॉबर्टसन को यांनी येलला दिलेल्या देणगीमागे साम्यवादाला उत्तर देण्याचा हेतू उघड होता. मात्र त्या काळातले सगळेच संशोधन प्रचारकी होते, असे म्हणता येत नाही. मिथक व प्रतीक यांच्या आधारे संपूर्ण राष्ट्राचे मन सांगू पाहणाऱ्या पद्धतीवर ब्रूस कुक्लिक यांनी १९७२ मध्ये नेमके आक्षेप घेतले. थोड्या साहित्यकृतींवरून सर्वसामान्य लोकांच्या मनाचा अंदाज कसा बांधायचा, हा त्यांतील कळीचा प्रश्न होता. त्यानंतर कृष्णवर्णीय, स्त्रिया, मूलनिवासी व स्थलांतरित यांच्या इतिहासांना अभ्यासक्रमात अधिकाधिक जागा मिळत गेली.

भारत व अमेरिका यांच्यातील शैक्षणिक देवाणघेवाणीचा फुलब्राइट करार १९५० मध्ये झाला, तर हैदराबाद येथे अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर १९६४ मध्ये स्थापन झाले. भारतीय विद्यापीठांतील संशोधकांना तेथील ग्रंथालयाचा मोठा आधार होता.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध विद्यापीठीय शाखेहून जुना आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांसाठीही तसाच अर्ज करण्याचा विचार त्यामागे होता. १९७२ मधील दलित पँथरने तर नावापासूनच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या लढाऊ संघटनेशी नाते सांगितले. जात व वंश यांच्या तौलनिक अभ्यासासाठी हे दुवे मोलाचे आहेत, आणि त्यांना अमेरिका-अध्ययनात हक्काचे स्थान मिळायला हवे.