नकाशावरची सरळ रेघ विमानाला लांबची पडते

माद्रिद आणि बीजिंग दोन्ही ४०° उत्तर अक्षांशाच्या आसपास. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती तुर्कस्तान, कॅस्पियन समुद्र असे करत नाकासमोर पूर्वेला जाते. या वाटेने अंतर भरते साधारण १०,२०० किलोमीटर. आता पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा घट्ट ताणून बघा. तो उत्तरेला सरकतो, उरल पर्वताजवळ ५९ अंशांपर्यंत चढतो आणि मग खाली उतरतो. लांबी मात्र ९,२२० किलोमीटरच! दोरा ज्या वर्तुळावर बसतो त्याला बृहद्वृत्त म्हणतात. त्याचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच.

हा हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही होतो. माद्रिद ४०.४° उत्तर, ३.७° पश्चिम, बीजिंग ३९.९° उत्तर, ११६.४° पूर्व. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.४१६. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचे, म्हणजे १२०.१ अंशांचे कोसाइन, या तिघांचा गुणाकार उणे ०.२९३. बेरीज ०.१२३. हे ज्या कोनाचे कोसाइन आहे तो कोन सुमारे ८२.९५ अंश, आणि प्रत्येक अंशाला १११.२ किलोमीटर. चूक बहुतेक वेळा चिन्हात होते. पश्चिम रेखांश उणे धरायचा राहिला की इथे सुमारे ४३५ किलोमीटर गायब होतात. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर असेल तर उत्तर पार भलतेच येते, पण ते निदान लगेच लक्षात तरी येते.

वेळेचे गणित इतके सरळ नाही. मोठी जेट विमाने ध्वनीच्या ०.८५ पट वेगाने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर, उणे ५६ अंश तापमानात, हा वेग ताशी ९०० किलोमीटर होतो. पण तो भोवतालच्या हवेच्या तुलनेत. हवा स्वतःच पूर्वेकडे वाहत असते. जेट प्रवाहात, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्यात, कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने. फेब्रुवारी २०२० मध्ये एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले ते याच वाऱ्याच्या जोरावर. जमिनीच्या तुलनेत वेग तेराशेच्या वर गेला होता, तरी हवेच्या तुलनेत त्याने ध्वनीचा वेग काही ओलांडला नव्हता.

जाताना वाऱ्याने दिलेले येताना तो परत घेतो, तेही व्याजासकट. माद्रिद-बीजिंग वाटेवर पूर्वेकडे ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा: जाताना ९ तास १३ मिनिटे, येताना ११ तास ३१. वारा नसता तर दोन्ही मिळून पंधरा मिनिटे कमीच लागली असती, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकते.

शिवाय आकाशालाही सरहद्दी असतात, आणि दोऱ्याची वाट रशियावरून जाते. फेब्रुवारी २०२२ पासून रशियाचे आकाश युरोपीय संघातल्या विमान कंपन्यांना बंद आहे. चिनी कंपन्यांना ते खुले आहे. म्हणजे शहरे तीच, पण कंपनीनुसार अंतर वेगळे.

तिकिटावरच्या वेळा गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतच्या आणि त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. माद्रिदहून दुपारी १२ ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला बीजिंग, हा प्रवास अठरा तासांचा नव्हे, हिवाळ्यात ११ तासांचा. उन्हाळ्यात स्पेनमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात, चीनमध्ये करत नाहीत. तेव्हा याच दोन आकड्यांचा अर्थ १२ तास.