उसण भरली की कंबर गेली? रुग्णालयातल्या मावशी-मामांच्या दुखण्याची पार्श्वभूमी

नाशिकमधल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात पाळी बदलताना मावशींच्या गप्पांकडे कान दिला, तर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘काल पेशंट सरकवताना उसण भरली.’ दुसरं, ‘डॉक्टर म्हणाले मणक्यात गॅप आलाय.’ उसण कधी भरली ते सांगता येतं, कॉट नंबरसकट. गॅप कधी आला ते कुणालाच सांगता येत नाही. वॉर्डबॉय, आया, सफाईगार आणि लाँड्री-स्वयंपाकघरातल्या माणसांच्या हाडा-स्नायूंच्या दुखण्याचा कायदेशीर इतिहास जवळजवळ सगळा या दोन वाक्यांमधल्या फटीत अडकलेला आहे.

कामामुळे शरीर झिजतं, हे इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली लिहून ठेवलं. आपल्याकडे प्रश्न सुरू होतो तो १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून. भरपाईला त्यात दोनच दारं. एक अपघाताचं: काम करताना आणि कामामुळे झालेली इजा. दुसरं व्यवसायजन्य आजाराचं, पण तो आजार परिशिष्टातल्या यादीत असला तरच. सुरुवातीच्या यादीत अँथ्रॅक्स, शिसं आणि फॉस्फरसची विषबाधा होती. यादीबाहेरचा आजार असेल, तर तो एखाद्या विशिष्ट अपघाती इजेतूनच झाला हे कामगाराने दाखवायचं. रोज थोडी थोडी झिजलेली कंबर कुठल्या दारातून आत जाणार?

‘अपघात’ हा शब्द वाटतो तितका अरुंद नव्हता. १९०३ मध्ये इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे जनावरांचं खाद्य बनवणाऱ्या कारखान्यातला एक कामगार आला. यंत्राचं घट्ट बसलेलं चाक फिरवायला त्याने जोर लावला आणि त्याला हर्निया झाला. काही कोसळलं नव्हतं, कुणी घसरलं नव्हतं. तरीही न्यायाधीश म्हणाले, इजा अनपेक्षित होती, म्हणजे हा अपघातच. हे सूत्र आपल्याकडेही आलं. म्हणजे आपली उसण बसली की! पण त्याच सूत्राला पुढे दुसरी बाजू फुटली. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्याच दगडखाणीतल्या कामगारांच्या फुफ्फुसांबाबत निकाल आला की वर्षानुवर्षं हळूहळू होणारं नुकसान ही ‘प्रक्रिया’ आहे, अपघात नव्हे. क्षण दाखवता आला तर अपघात. रोजच्या दहा उचलण्यांतली नेमकी कुठली, हे सांगता आलं नाही तर प्रक्रिया.

इंग्लंडने निदान दुसरं दार किलकिलं ठेवलं होतं. खाणकामगारांचे सुजलेले गुडघे आणि तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताचे गोळे तिथल्या यादीत १९०७-०८ च्या सुमाराला आले. आपली यादी पुढे वाढली ती रसायनं, धूळ आणि आवाज यांच्या दिशेने. आरोग्यसेवेतल्या कामातून होणारे संसर्गजन्य आजारही तिच्यात आहेत. म्हणजे वॉर्डातल्या मावशीला क्षयरोग झाला तर कायदा कामाकडे बोट दाखवायला तयार आहे. त्याच वॉर्डात तिची कंबर गेली तर नाही.

उरलेलं काम एक्स-रेच्या रिपोर्टातले दोन शब्द करतात: ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’. वयोमानाने झीज. चाळिशीनंतर ही झीज कुणाच्याही मणक्यात दिसू शकते, त्यामुळे रिपोर्ट खोटा नसतो. पण झीज कामाने वाढली का, हे रिपोर्ट लिहिणाऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं. माझ्या मते दावा भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत जायच्या आधी इथेच बुडतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत गोष्ट निदान कागदावर वेगळी होती. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ३४ नुसार इजा होईल इतकं ओझं कुणाला उचलायला लावता येत नव्हतं. रुग्णालय हा कारखाना नव्हे आणि रुग्ण हा माल नव्हे. गंमत अशी की धुणं ही त्या कायद्यात उत्पादनप्रक्रिया होती. ओल्या चादरींचं गाठोडं मोठ्या यांत्रिक लाँड्रीत पोचलं की त्याच्या वजनाला कायदा लागू होई, वॉर्डातून जिन्याने खाली येईपर्यंत नाही.

औद्योगिक विवाद कायद्याच्या नजरेत रुग्णालय हा ‘उद्योग’ आहे का, यावर मात्र भरपूर भांडण झालं. मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयातल्या वॉर्ड-कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ‘हो’ म्हटलं, १९७० मध्ये दुसऱ्या प्रकरणात ‘नाही’, १९७८ मध्ये पुन्हा ‘हो’. रुग्णालयं वगळणारी १९८२ ची दुरुस्ती मंजूर होऊनही अमलात आलीच नाही. या सगळ्या वादात नोकरी कशी जाते याची चर्चा झाली, पाठ कशी जाते याची नाही.

किती वजन जास्त, याचा आकडा बाहेर तयार झाला. अमेरिकेत १९९१ च्या सूत्रात आदर्श स्थितीतल्या खोक्यासाठी २३ किलोची मर्यादा होती. रुग्ण हाताळताना ती १६ किलो धरावी, असं २००७ मध्ये सुचवलं गेलं, कारण खोक्यासारखं धरायला माणसाला हँडल नसतं आणि तो मध्येच गळ्याला मिठी मारतो. साठ किलोच्या रुग्णाचा एक पायच दहाएक किलोचा असतो. कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात राहत्या इमारतींत थाटलेल्या दवाखान्यांत लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, तेव्हा रुग्ण खुर्चीत बसवून दोघांनी जिन्याने न्यायचा. तिथे १६ किलोचं काय करायचं?

कोविडच्या काळात यात जंबो सिलिंडरची भर पडली. रिकामा सिलिंडरही पन्नास किलोच्या आसपास भरतो. तो कलता करून बुडावर फिरवत न्यायचा, दिवसात कित्येकदा. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीची गळती होऊन रुग्ण दगावले, त्यानंतर शहरात ऑक्सिजनच्या यंत्रणेवर खूप बोललं गेलं. सिलिंडर फिरवणाऱ्या मनगटांचा आणि खांद्यांचा विषय त्यात निघाला नाही, आणि त्या दिवसांत निघणं शक्यही नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमधली, वॉर्डातली अशीच पदं भरायची आरोग्य विभागाची ‘गट ड’ परीक्षा पेपरफुटीत सापडली. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला आणि पुढच्याच महिन्यात मागे घेण्यात आला. ठेका मात्र त्याआधीही होता, आजही आहे. ठेक्याच्या कागदावर वॉर्डातलं काम बहुधा ‘अकुशल’ या रकान्यात बसतं. अर्धांगवायू झालेल्या माणसाला कुशीवर वळवणं अकुशल ठरलं की ते शिकवायचीही गरज उरत नाही. कायम सरकारी कर्मचाऱ्याला सेवेत अपंगत्व आलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दुसरं काम तरी मिळतं. सफाई कामगारासाठी लाड-पागे समितीच्या शिफारशी आहेत: तो वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला तर वारसाला नोकरी. म्हणजे वडिलांच्या कंबरेनंतर मुलाची. ठेक्यावरच्या मावशीच्या वाट्याला कंबरेचा पट्टा, तोही स्वतःच्या पैशाने.

२०१० मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने व्यवसायजन्य आजारांची यादी सुधारली. हाडा-स्नायूंच्या दुखण्यांना तिच्यात स्वतंत्र जागा आहे. खूप वेळ उकिडवं किंवा गुडघ्यावर बसल्याने फाटणारी गुडघ्यातली गादीही तिथे नावानिशी आहे. भारताच्या नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. चाळिशीपुढच्या कामगाराची दरवर्षी मोफत आरोग्यतपासणी त्यांत आली, पण सामाजिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात कंबरदुखी आली नाही.

त्यामुळे अजून तरी उसणच उपयोगाची. जुन्या कायद्यात इजेची सूचना लिहून ठेवायला वही ठेवण्याची तरतूद होती. असल्या वहीत नाव लागतं, तारीख, वेळ आणि इजा कशी झाली तेही. मावशी मात्र उसण भरल्यावर बाम चोळून पाळी पूर्ण करतात, कारण अर्धी पाळी सोडली तर खाडा लागतो.