बेगमी: घरातल्या साठ्याची पार्श्वभूमी

कुठे युद्ध पेटलं, रुपया घसरला किंवा शहरात दगडफेक झाली, की व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी फिरू लागते. तांदूळ इतका, काडेपेट्या इतक्या, मेणबत्त्या, रोकड, पॉवर बँक. ही यादी बहुधा परदेशातल्या कुठल्या तरी घरासाठी केलेली असते. तीत डबाबंद बीन्स असतात, पण गहू दळायचे कुठे याचा विचार नसतो. आपल्याकडे या कामाला जुना शब्द आहे, बेगमी. फारसीतल्या ‘बे’ आणि ‘गम’ यांपासून आलेला. ज्याने काळजी मिटते ती बेगमी. पावसाळ्याची बेगमी, लग्नाची बेगमी, वाईट दिवसांची बेगमी. गेल्या दोनशे वर्षांत ही बेगमी घरातून हळूहळू दुसऱ्याच्या हातात कशी गेली, हे पाहिलं म्हणजे आजच्या यादीत काय सुटलंय ते कळतं.

सुरुवात जमिनीखालून करावी लागते. देशावरच्या गावांत धान्याची पेवं असत. गावाची वस्ती पांढरीवर, म्हणजे पांढरट मातीच्या जागेवर, आणि शेती काळीत, म्हणजे काळ्या जमिनीत. पेव खणायचं ते पांढरीत, जिथे पाणी मुरत नाही तिथे. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट मोठं. तळाला आणि कडेनं कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आतली हवा संपली की किडे मरतात, म्हणून धान्य वर्षानुवर्षं टिकतं. त्याच कारणानं पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत. आधी तोंड बराच वेळ मोकळं ठेवायचं, मग पेटता दिवा दोरीनं खाली सोडायचा आणि तो विझला तर माघारी फिरायचं. पेवात उतरून गुदमरून माणसं गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद अशाच पेवांत ठेवत. आज वर्तमानपत्रात ‘क्लासेसचं पेव फुटलं’ असं वाचतो, तेव्हा ते पेव म्हणजे काय हे लिहिणाऱ्यालाही आठवत नसतं.

कणगी, कोठी, बळद ही घरातली ठेवण. ती आल्यागेल्याच्या नजरेला पडते. पेव मात्र दिसत नाही, आणि तोच त्याचा दुसरा उपयोग होता. जुन्या कागदांत ‘धामधूम’ हा शब्द येतो तो लग्नातल्या गडबडीसाठी नाही, फौजांच्या वावरासाठी. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर पुणं लुटलं गेलं. पुढच्या दीड-दोन वर्षांत होळकरी फौजा आणि पेंढारी यांच्या फिरण्यानं शेतं उजाड झाली. त्यात पाऊस चुकला आणि १८०३-०४ चा दुष्काळ पडला. तो आभाळानं जितका आणला तितकाच माणसांनीही आणला. अशा दिवसांत लिंपलेल्या तोंडावर गोठा किंवा उकिरडा असलेलं पेव म्हणजे घराचा खरा खजिना.

मात्र पेव प्रत्येकाचं नव्हतं. ज्याच्याकडे काळी नाही त्याला पांढरीत खणून ठेवायला काय होतं? अलुतेदार-बलुतेदारांची बेगमी दुसऱ्याच्या खळ्यावर अवलंबून. पीक बुडालं की बलुतं आधी आटायचं, आणि महार-मांगांच्या वस्तीत उपास पाटलाच्या वाड्याच्या कितीतरी आधी पोचायचा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा इतकी शतकं का टिकली, याचं उत्तर इथेच आहे. बिदरच्या बादशहाचं कोठार त्यांनी भुकेल्यांना मोकळं केलं आणि विठू महाराच्या रूपात विठ्ठलानं त्याची किंमत दरबारात भरली. कथा भक्तीची म्हणून सांगतात. मला ती कोठाराची वाटते: साठा आहे, पण किल्ली कुणाकडे?

१८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्यानं इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, इकडे भाव चढले, आणि सावकारांनी शेतकऱ्यांना हात सैल सोडून कर्ज दिलं. धान्य वर्षभर पुरून ठेवण्यापेक्षा विकून टाकणं आणि लागेल तेव्हा उधार घेणं सोपं झालं. म्हणजे बेगमीच्या जागी खत, म्हणजे कर्जरोखा, आलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला. त्यातच जमिनीच्या फेरपाहणीत सारा वाढला आणि सावकारानं हात आखडला.

१२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. जमावानं मारवाडी आणि गुजराती सावकारांच्या दुकानांना आणि घरांना घेरलं. दंगा पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. दुकानं लुटली गेली, जाळपोळही झाली, पण लोकांचा मुख्य रोख होता तो खतं आणि वह्यांवर. कागद हातात आला की बरेचदा मारहाण टळली. दंगलीच्या इतिहासात हे विरळा आहे. कारण सरळ होतं: घराची पुढच्या वर्षाची भाकरी त्या कागदावर लिहिलेली होती. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तोवर मधे १८७६-७८ चा दुष्काळ पडून गेला होता.

त्या दुष्काळात हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली. दिवसाला एक रत्तल (अर्ध्या किलोहून थोडं कमी) धान्य आणि वर किरकोळ पैसे, त्यावर दिवसभर खडी फोडायची. १८७७ च्या सुरुवातीला हजारो मजुरांनी दुष्काळी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि रानड्यांच्या मंडळींनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. वासुदेव बळवंत फडक्यांचं १८७९ चं बंडही याच भुकेतून उभं राहिलं.

धान्य नाही, उधार नाही, मग उरते चांदी. गोठ, वाळे, कमरपट्टा हे सण-समारंभाला घालायचे, पण त्यांचं खरं काम निराळं होतं. तेव्हाचा रुपया एक तोळा वजनाचा आणि बहुतेक चांदीचाच, आणि टांकसाळ कुणाचीही चांदी घेऊन रुपये पाडून देई. म्हणजे तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ एक रुपया. सोनार कितीही घट धरो, सावकार कितीही कमी देवो, खाली एक आधार होता. १८७६-७८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत दागिन्यांच्या चांदीचा ओघ वाढला तो याच हिशेबानं.

१८९३ मध्ये सरकारनं हा आधार काढून घेतला. जगात चांदी स्वस्त होत होती, आणि विलायतेला पैसे पाठवणाऱ्या सरकारला घसरता रुपया परवडेना. म्हणून लोकांच्या चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. रुपया महाग राहिला, चांदी मात्र स्वस्त होत गेली. कुणाच्या अंगावरचा दागिना कुणी ओढला नाही, पण पायातल्या वाळ्यांची किंमत उतरली. चारच वर्षांनी, १८९६-९७ मध्ये दुष्काळ आणि प्लेग एकत्र आले आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ. त्या वेळी चांदी मोडायला गेलेल्या बाईच्या हातात पूर्वीपेक्षा कमी रुपये पडले. याचं कारण शिमल्यातल्या एका निर्णयात होतं हे तिला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. घराच्या बेगमीवर आलेलं हे संकट मला १८७५ च्या आगीपेक्षाही मोठं वाटतं. आग निदान दिसते.

दुसऱ्या महायुद्धात लोकांनी चांदीचे रुपये घरात दडवायला सुरुवात केली. १९४० मध्ये सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि एक रुपयाची कागदी नोट काढली. राणीछाप रुपये ज्यांनी उतरंडीत ठेवले होते त्यांनी ते बाहेर काढलेच नाहीत. बऱ्याच घरांतल्या लक्ष्मीपूजनात आजही ते दिसतात. सुट्ट्या नाण्यांचाही तुटवडा पडला, तांबं वाचवायला मधे भोक असलेला पैसा आला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि त्याबरोबर भाषेत एक नवी रेघ ओढली गेली. घरात जास्त धान्य असणं हा आजवर सुगृहिणीचा गुण होता, आता त्यालाच साठेबाजी म्हणता येऊ लागलं. बेगमी संपते कुठे आणि साठेबाजी सुरू होते कुठे, हे ठरवण्याचा अधिकार पुरवठा अधिकाऱ्याकडे गेला. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यानं तो स्वतंत्र भारतातही राहिला. व्यापाऱ्यानं माल दडवला तर हा अधिकार हवाच. बंगालमध्ये त्याच १९४३ सालच्या दुष्काळात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सोन्याचंही असंच झालं. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणलं. नवे दागिने १४ कॅरेटच्या वर घडवायचे नाहीत, लगडी असतील तर जाहीर करायच्या. सोनारांच्या पोटावर पाय आला. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये सुटली, पण नियंत्रणाचा कायदा १९९० पर्यंत होता.

१९७२ चा दुष्काळ अजून आठवणारी माणसं आहेत. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, सुकडी, आणि दुष्काळी कामावर फोडलेली खडी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला तेव्हाच आकार आला आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. म्हणजे ज्याच्याकडे पेव नाही त्याची बेगमी म्हणून काम मागण्याचा हक्क. शहरात १९७२ मध्येच मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं महागाईविरोधात बायका रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल मिळावं म्हणून त्यांनी लाटणं हातात घेतलं. दंगल म्हणावी तर हातात शस्त्र नाही, मोर्चा म्हणावा तर घरातला ओटाच चौकात आलेला.

आता अशांततेचं. साठ्याच्या याद्यांत कुलूप, सळ्या, काठी यांची भर असते. महाराष्ट्रात मात्र दंगलीच्या तयारीचं सर्वांत ठोस उदाहरण कुलपाचं नाही. भिवंडीनं १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगली पाहिल्या. १९८८ पासून तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांचे लोक आणि त्या भागाचा पोलीस यांनी नियमित बसायचं, नळावरच्या भांडणापासून सगळं बोलायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली. तासाभराच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली. कुणाच्या घरात किती दिवसांचा शिधा होता याचा त्यात काही संबंध नव्हता.

पुढचं अगदी कालपरवाचं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातल्या ८६ टक्के किमतीच्या नोटा रद्द झाल्या. डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत बायकांनी नवऱ्यापासून लपवून ठेवलेले पैसे बँकेच्या रांगेत उघडे पडले. मग सगळ्यांनी बँक बरी म्हटलं. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले, आणि सुरुवातीला खातेदाराला काढता येत होते एक हजार रुपये. पासबुकावर आकडा होता, दूधवाल्याला द्यायला पैसे नव्हते. त्यानंतर सहाच महिन्यांनी, २४ मार्च २०२० ला रात्री आठच्या टाळेबंदी जाहीर करणाऱ्या भाषणानंतर किराणा दुकानांपुढे झुंबड उडाली. मॉड्युलर स्वयंपाकघराच्या खणांत पंधरा दिवसांचं मावतं, कणगीला जागाच नसते.

पुढच्या काही आठवड्यांत शेतकऱ्यांचे टेम्पो सोसायट्यांच्या फाटकापाशी येऊ लागले. भाजी आली, आंबे आले, काही ठिकाणी गव्हाची अख्खी पोती आली. आमच्या इमारतीत तीन घरांनी पोती घेतली आणि मग गावाकडे फोन लागले, गहू किडू नये म्हणून पायलीला एरंडेल किती चोळायचं ते विचारायला.