तोंड वाकडं झालं की पहिले तीन दिवस

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून गळतं. पेज ओरपली तर हनुवटीवर ओघळते. आरशात पाहावं तर अर्धा चेहरा हसतो आणि अर्धा जागचा हलत नाही. कोकणात याला ‘तोंड वाकडं झालं’ म्हणतात, आणि कारणही ठरलेलं असतं: वारा लागला. कुणी रात्री ओटीवर निजलेला असतो, कुणी पहाटेच्या मतलई वाऱ्यात होडीवर असतो, कुणी थंडीत मोटरसायकलवरून घाट उतरून आलेला असतो.

वैद्यकात या दुखण्याला बेल्स पाल्सी म्हणतात. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने १८२१ साली चेहऱ्याच्या मज्जातंतूचं काम उलगडून दाखवलं, त्याचं हे नाव. हा तंतू मेंदूतून निघून कानामागच्या हाडातल्या एका बोगद्यातून चेहऱ्यावर येतो. बोगद्याची लांबी सुमारे ३ सेंटीमीटर, आणि सर्वांत अरुंद जागी रुंदी एक मिलिमीटरहूनही कमी. तंतूला सूज आली की हाड काही पसरत नाही. बोट सुजल्यावर अंगठी रुतावी तसा तो आवळला जातो आणि त्यातून जाणारे आदेश थांबतात. याच तंतूच्या फांद्या जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि कानातला एक चिमुकला स्नायू सांभाळतात. म्हणून काहींना सोलकढी त्या बाजूने बेचव लागते आणि भांड्याचा आवाजही कानात घुमतो. सूज का येते याचा मुख्य संशय ओठांवर तापाचे फोड, म्हणजे ‘जर’, उठवणाऱ्या हर्पीस विषाणूवर आहे. मधुमेह असलेल्यांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हे दुखणं जास्त दिसतं.

आता होमिओपॅथीकडे येऊ, कारण आपल्याकडे अनेक जण आधी तिथेच जातात. वाडीपासून जवळचा डॉक्टर बहुधा होमिओपॅथीचाच असतो, आणि तो रुग्णाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतो. शिवाय त्याच्या ग्रंथांतही वाराच आहे. कोरड्या थंड वाऱ्याने अचानक आलेल्या लकव्यासाठी अकोनाइट, म्हणजे बचनाग. उजवी बाजू गेली असेल तर कॉस्टिकम, जे होमिओपॅथीचा जनक हानेमान याने भाजलेला चुना आणि पोटॅशियम बायसल्फेट यांपासून तयार केलं होतं. आजीचं निदान आणि डॉक्टरची पुडी अशी जुळली की घरच्यांचा विश्वास बसतो. त्यात नवल नाही.

पण पुडीत काय असतं ते पाहायला हवं. ३० पोटेन्सी म्हणजे शंभरात एक हे प्रमाण तीस वेळा, एकावर साठ शून्ये इतकं पातळ केलेलं औषध. १८ ग्रॅम पाण्यात रेणू असतात साधारण सहावर तेवीस शून्ये. त्यामुळे बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणू हाती लागण्याची आशाच संपते. बचनाग हे जहाल विष असूनही त्या गोळ्या मूठभर खाल्ल्या तरी बाधत नाहीत, ते यामुळेच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा होमिओपॅथी परिणामकारक आहे असं खात्रीने सांगता येईल असा एकही आजार आढळला नाही.

तरी माणसं बरी होतात, आणि ते खरंच आहे. कोपनहेगनमध्ये सतराशे रुग्णांवर कोणतंही औषध न देता वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा ७१ टक्के पूर्ण बरे झाले. बहुतेकांत तीन आठवड्यांच्या आत हालचाल परतू लागली. म्हणजे गोळ्या घ्या, नस्य करा, नुसतं नवस बोला, दहातले सात जण बरे होणारच, आणि श्रेय त्या वेळी जे चालू होतं त्याला जाणार.

माझी तगमग आहे ती उरलेल्या तिघांसाठी. स्कॉटलंडमध्ये पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यात ७२ तासांच्या आत प्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी ९४ टक्के पूर्ण बरे झाले, न घेतलेल्यांपैकी ८२ टक्के. औषध जुनं आहे, स्वस्त आहे, तालुक्याच्या गावात मिळतं. मधुमेह्यांची साखर त्याने वाढते, म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचं. पण बहात्तर तास म्हणजे तीनच दिवस. ‘आधी चार दिवस गोळ्या घेऊन बघू’ म्हणेपर्यंत ते निघून जातात.

दुसरी काळजी डोळ्याची. पापणी मिटत नाही. मिटायला सांगितलं तर बुबुळ वर सरकतं आणि फटीतून नुसता पांढरा भाग दिसतो. खाऱ्या वाऱ्यात, पुळणीवर, जांभ्याच्या लाल धुरळ्यात असा उघडा डोळा सुकतो, त्यावर जखम होते आणि नजर कायमची अधू होऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि चश्मा, रात्री मलम घालून पापणी मिटवून वर कागदी चिकटपट्टी. बोटीवर जाणाऱ्याने आणि काजूच्या भट्टीशी बसणाऱ्या बाईने तर हे चुकवूच नये.

आणि सगळ्यांत आधी कपाळ बघायचं. रुग्णाला भुवया वर करायला सांगा. बेल्स पाल्सीत तंतूच अडलेला असल्याने त्या बाजूचं कपाळही हलत नाही. पण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश मिळतात, त्यामुळे मेंदूची एक बाजू बिघडली तरी ते हलतात. म्हणून तोंड वाकडं असूनही कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडत असतील तर दोष मेंदूत असण्याची, पक्षाघाताची शंका घ्यायची. हातापायात कमजोरी आली, बोलणं अडखळलं, तर कपाळ कसंही असो, त्याच क्षणी गाडी काढून मोठं रुग्णालय गाठायचं. कानात फोड आणि ठणका असेल तर ती कानातली नागीण असू शकते. तिला विषाणूविरोधी औषध लगेच लागतं.

वाडीतल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांनाही हे सगळं करता येतं. रुग्ण पहिल्यांदा त्यांच्याच बाकावर बसतो. त्यांनी कपाळ आणि कान तपासावेत, डोळ्याची पट्टी शिकवावी आणि त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवावं. गोळ्या द्यायच्या असतील तर त्या त्यानंतरही देता येतील. तीन आठवडे उलटूनही चेहरा जराही हलला नाही, तर रुग्णाला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावं, कारण गाठ किंवा कुष्ठरोग अशी दुसरी कारणं तेव्हा शोधावी लागतात.