शटर अर्धं उघडं आहे ना, मग काय होतंय?

गॅरेजमध्ये हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो. बाहेर पाऊस म्हणून शटर गुडघ्यापर्यंत ओढलेलं, आत गाडी चालू, मेकॅनिक बॉनेटखाली वाकून आयडलिंग सेट करतोय, मधेच रेस देऊन आवाज ऐकतोय, आणि अर्ध्या तासाने कपाळ चोळत म्हणतो, डोकं जड झालंय, झोप नीट झाली नसेल.

झोपेचा संबंध नाही बऱ्याचदा. तो कार्बन मोनॉक्साईड असतो, गाडीच्या धुरातला विषारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही, म्हणजे "धूर दिसत नाही, वास येत नाही" ही खात्री काही कामाची नाही. आणि तो खाली जमिनीवर साचतो हेही खरं नाही, हवेपेक्षा तो किंचित हलकाच असतो, सगळीकडे मिसळतो.

आता खरी गंमत रक्तात आहे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिजनसाठी ४ जागा असतात, आणि त्याच जागांवर कार्बन मोनॉक्साईड सुमारे २०० ते २५० पट जास्त घट्ट बसतो. आपण २१० धरू. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, २१ ला २१० ने भागलं की आलं ०.१. म्हणजे हवेत फक्त ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साईड झाला की ओढाताणीत तो सगळ्या ऑक्सिजनच्या तोडीस तोड, आणि त्या हवेत बराच वेळ राहिलात तर निम्म्याच्या आसपास हिमोग्लोबिन त्याच्या ताब्यात जातं. थंड पेट्रोल इंजिनात मिश्रण रिच असतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अजून तापलेला नसतो, अशा वेळी सायलेन्सरच्या तोंडाशी हा वायू काही टक्के असू शकतो. ५ टक्के धरला तर ५० पट हवेत मिसळूनही तो ०.१ टक्का उरतो. म्हणून अर्धं शटर पुरत नाही.

बरं, निम्मं रक्त गेलं तर निम्मं आहे की, असं वाटेल. ॲनिमियात हिमोग्लोबिन निम्म्यावर आलेला माणूस दमतो पण हिंडतो फिरतो, मग इथे माणूस का कोसळतो? कारण एका जागेवर कार्बन मोनॉक्साईड बसला की रेणूचा आकार बदलतो आणि उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजन तो सोडतच नाही, आवळून धरतो. रक्तात ऑक्सिजन आहे पण मेंदूला मिळत नाही. मला हा भाग वाचून पहिल्यांदा अंगावर काटा आला होता.

१९२१ मध्ये अमेरिकेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या एका नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापून आली, घरात पावलांचे आवाज, माणसं दिसणं, सगळ्यांना भुताटकी वाटत होती, निघाली घर गरम ठेवणारी बिघडलेली भट्टी आणि तिचा हाच वायू. तेव्हा "या गाळ्यात काहीतरी आहे, इथे बसलं की गरगरतं" असं कुणी म्हणालं तर लिंबू मिरची बांधायच्या आधी एक्झॉस्ट बघा.

उपाय साधा आहे, सायलेन्सरला होज लावून धूर थेट बाहेर, किंवा गाडीच उघड्यावर नेऊन टेस्टिंग. नुसता पंखा तीच हवा फिरवतो. डिझेलमध्ये हा वायू कमी असतो, पण बंद जागेत तिथेही हाच नियम. बाकी गरम रेडिएटरचं झाकण न उघडणं, नुसत्या जॅकवर गाडीखाली न शिरणं, फॅनबेल्टजवळ सैल बाह्या नकोत, हे सगळ्यांना माहीत असतं.

कुणी चक्कर येऊन पडलंच तर शटर पूर्ण वर, श्वास रोखून आत जा, त्याला बाहेर ओढा, जमलं तर इंजिन बंद, आणि लगेच दवाखाना. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला ४ ते ५ तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तासाच्या आत. आणि गॅरेजमध्ये गाडी चालू होती हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला या दोन वायूंतला फरक कळत नाही, पेशंट गंभीर असतानाही तो ९८ दाखवू शकतो.