लोहगडावर मे महिन्यात पाणी कुठून येतं?

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या बारांत लोहगड आहे याचा मला विशेष आनंद झाला, कारण लहान मुलांना घेऊन जायला याहून सोपा आणि भरगच्च गड मला माहीत नाही. मळवली स्टेशनवर उतरायचं, भाजे गावातून लेणी बघत निघायचं, झाडीतून गायमुख खिंड गाठायची. डावीउजवीकडे विसापूर आणि लोहगड. लोहगडवाडीपासून तर चक्क पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी वळणं घेत पोरं न कुरकुरता माथ्यावर पोचतात. वर गेलं की खाली पवनेचा जलाशय, पलीकडे तुंग आणि तिकोना, आणि समोर विंचूकाटा या माचीची लांबलचक सोंड.

मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा सोबत माझी सातवीतली भाची होती. वाटेत करवंदं खाऊन जीभ जांभळी झालेली. वर एका टाक्यात हिरवट, गार पाणी बघून तिनं विचारलं, "एवढ्या उन्हात, एवढ्या उंचावर पाणी आलं कुठून?" शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी लगेच सांगून टाकलं की पवना धरणाचं पाणी गुप्त झऱ्यानं वर चढतं, हे प्राचीन तंत्र आता कोणालाच माहीत नाही.

हे उत्तर मी अनेक गडांवर ऐकलंय, फक्त धरणाच्या जागी कधी नदी असते, कधी पाताळगंगा. इथे तर एक साधी अडचण आहे. धरण विसाव्या शतकातलं आणि टाकी त्याच्या कितीतरी शतकं आधीची. शिवाय लोहगडाची उंची समुद्रसपाटीपासून १०३३ मीटर, जलाशय त्याच्या चारशेएक मीटर खाली. पाणी दहा मीटर वर चढवायला साधारण एक वातावरण दाब लागतो. म्हणजे इथे चाळीस वातावरणं हवीत. एवढा दाब जमिनीखाली तयार व्हायचा तर पाणी शिरण्याची जागा गडाहूनही उंच हवी आणि मधले थर अखंड हवेत. विसापूर थोडा उंच आहे खरा, पण मधल्या गायमुख खिंडीनं थर कापून टाकलेत. गडावरचं पाणी हे गडावर पडलेलं पावसाचं पाणी आहे. लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस पडतो. टाकं एका पावसाळ्यात भरणं यात नवल काहीच नाही. नवल आहे ते भरलेलं पाणी आठ महिने टिकण्यात.

एक टाकं मनात धरा. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद, चार मीटर खोल. त्यात एक लाख लिटर पाणी मावेल. गडावर शंभर माणसं आहेत आणि पिण्यापुरतं माणशी चार लिटर धरलं तर रोजचे चारशे लिटर. लाख भागिले चारशे म्हणजे २५० दिवस. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मेअखेरपर्यंतचे दिवस होतात २४३. हिशेब जेमतेम बसतो, पण उन्हानं काही नेलं नाही आणि दगडानं काही गिळलं नाही तरच.

उन्हाचं आधी बघू. उघड्या पाण्यातून या महिन्यांत सरासरी रोज पाच मिलिमीटर वाफ धरली तर आठ महिन्यांत सव्वा मीटरच्या जवळपास पाणी जातं. आपल्या टाक्यातलं जवळजवळ तीस हजार लिटर! म्हणून खांबटाकी खोदली गेली. तोंड लहान, आत कातळात शिरलेली पोकळी, छताला आधार म्हणून मध्ये दगडाचेच खांब राखलेले. आत ऊन नाही, वारा नाही, आणि खडकाच्या पोटातलं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. वाफ जवळपास थांबते. खांबटाक्याचं पाणी मे महिन्यात दातांना झोंबतं ते त्यामुळेच.

आता दगड. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरत गेले. त्यातून आपला सगळा बेसाल्ट तयार झाला. सह्याद्रीच्या कुठल्याही डोंगराकडे लांबून बघितलं की पायऱ्या दिसतात, उभा कडा, मग उतार, मग पुन्हा कडा. साधारणपणे कडा म्हणजे घट्ट काळा पाषाण आणि उतार म्हणजे त्यातल्या त्यात मऊ, ठिपकेदार खडक. या दुसऱ्याला विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात. लाव्हातले वायू बाहेर पडताना अडकले, त्यांचे बुडबुडे तसेच थिजले, आणि पुढे लाखो वर्षांत त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी पांढरी खनिजं भरली. जांभळट दगडात साबुदाणा पेरावा तसं दिसतं.

प्रश्न असा की पाणी साठवायला यातला कुठला खडक चांगला? ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो, अर्थात काळा पाषाण. मांजऱ्याला तर छिद्रं आहेत, तो गळणार. आणि नेमकं उलट आहे.

काळ्या पाषाणाचा लाव्हा जाड थरात साठून सावकाश थंड झाला. थंड होताना तो आकसला, पण आकसायला बाजूला जागा नव्हती, म्हणून तडकला. या भेगा थराच्या वरपासून खालपर्यंत उभ्या जातात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जे उभे खांब दिसतात ते याच आकसण्याचं टोकाचं रूप. म्हणजे पाषाणाचा तुकडा हातात घेतला तर घट्ट, पण अख्खा थर भेगाळलेला. मांजऱ्या पातळ पातळ जिभांनी साचत गेला, आणि आकसण्याचा ताण बुडबुड्यांमध्ये वाटला गेला. त्यात लांबलचक सलग भेग सहसा सापडत नाही. छिद्रं आहेत, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि बहुतेक बुजलेली. थर्माकोल म्हणजे निव्वळ बुडबुडेच, तरी थर्माकोलच्या पेल्यातून पाणी गळत नाही. स्पंजातून गळतं, कारण तिथे छिद्रं एकमेकांना जोडलेली. खडकात पोकळी किती हा एक प्रश्न, आणि त्यातून पाणी वाहतं का हा अगदी वेगळा प्रश्न. धरणाच्या पायाचा खडक तपासणारे भूवैज्ञानिकही पाषाणातल्या भेगांचीच जास्त धास्ती घेतात.

भेग किती महत्त्वाची? सरळ, मोकळ्या भेगेतून वाहणारं पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. रुंदी दुप्पट तर पाणी आठपट. टाक्याच्या तळाशी एक मीटर लांबीची, अर्धा मिलिमीटर रुंदीची भेग खालपर्यंत मोकळी गेली आहे असं समजा. अर्धा मिलिमीटर म्हणजे अंगठ्याच्या नखाची जाडी. पाण्याची चिकटाई आणि गुरुत्वाकर्षण घालून गणित केलं तर दिवसाला पावणेनऊ हजार लिटर जातात. लाख लिटरचं टाकं बारा दिवसांत रिकामं. पाव मिलिमीटरची भेग असेल तर अकराशे लिटर, म्हणजे तीन महिने. आणि दशांश मिलिमीटरची असेल तर दिवसाला फक्त सत्तर लिटर, आठ महिन्यांत सतरा हजार. एवढं परवडतं. खरी भेग वाकडीतिकडी आणि गाळानं अडलेली असते, म्हणून आकडे कमी येतील, पण घनाचा नियम तोच.

टाकं खोदणाऱ्या पाथरवटाला हे सूत्र माहीत नव्हतं. त्याला खडक माहीत होता. भाज्याच्या लेण्यांत एका टाक्यावर ब्राह्मीत कोरलंय की ही पोढी महारठी कोसिकीपुत विण्हुदत्तानं दान केली. पोढी म्हणजे टाकं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून ही विद्या या डोंगरात आहे. आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलं की गडावर झरा असला तरी त्यावर विसंबू नये, खडक फोडून टाकी, तळी बांधावीत, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. झरा म्हणजे शेवटी भेगच, आणि भूकंपाच्या हादऱ्यानंतर झऱ्यांचं पाणी कमीजास्त झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. एवढं स्वच्छ लिहून ठेवलेलं असताना गुप्त तंत्राच्या कहाण्या लोकांना गोड का वाटतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी तीन तुटलेत, चौथा तुटला की कलियुग संपणार म्हणून माणसं हात जोडतात, आणि कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहूनही ते तिथे कसं साठलं हे कोणी विचारत नाही.

मुलांना न्यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ आणि गर्दी दोन्ही असतं. टाक्यातलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, आणि काठावर पोरांचा हात सोडू नका.

त्या दिवशी हे सगळं ऐकून झाल्यावर भाचीनं दुसरं टाकं दाखवलं. दहा पावलांवर, तेवढंच मोठं, आणि कोरडं ठणठणीत. "मग यात का नाही?" काठ उतरता होता, आम्ही दोघं आत उतरलो. भिंतींवर छिन्नीच्या तिरप्या रेघा अजून ताज्या वाटत होत्या. तळाला वाळलेला गाळ, आणि गाळात एका सरळ ओळीत गवताची सुकलेली काडं. तिनं काटकीनं गाळ बाजूला केला. खाली काळी रेघ निघाली, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. मी अंगठ्याचं नख लावून पाहिलं. सहज आत गेलं.