सरकारी वकील पोलिसांपासून वेगळा कधी झाला?

तालुक्याच्या कोर्टात काळा कोट घालून सरकारची बाजू मांडणारा माणूस पूर्वी पोलीस खात्याचाच असे. त्याला 'पोलीस प्रॉसिक्युटर' म्हणत. तपास पोलिसांचा, खटला चालवणाराही पोलिसांचा, त्यामुळे तपासातली चूक कोर्टात कबूल करणं त्याला जड जायचं. विधी आयोगाने 1958 मध्येच ही दोन कामं वेगळी करायला सांगितली. 1 एप्रिल 1974 ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील, आले. महाराष्ट्रात मात्र पदाचं नाव बदललं, वरिष्ठ तेच राहिले. अखेर 1995 मध्ये एस. बी. शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याला बजावलं की अभियोक्त्यांचा विभाग वेगळा करा आणि त्याचा प्रमुख थेट सरकारला जबाबदार ठेवा.

आज या कामात शिरायच्या दोन वाटा आहेत. तालुक्याचं पद लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून मिळतं. सत्र न्यायालयासाठी किमान 7 वर्षं वकिली लागते आणि जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी करतात.

कस लागतो तो साक्षीदार फितूर झाल्यावर. तेव्हा वकील कोर्टाची परवानगी घेऊन स्वतःच्याच साक्षीदाराची उलटतपासणी करतो. पोलिसांपुढचा त्याचा जबाब वाचून दाखवतो आणि तो 'असं सांगितलंच नाही' म्हणाला, की त्या मजकुराला 'पोर्शन मार्क ए' असं चिन्ह पडतं. इथे अनेक जण थांबतात आणि घात होतो. तपासी अंमलदार साक्षीला आला, की 'हा मजकूर साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिला का?' हे त्याला विचारावंच लागतं. तो प्रश्न राहिला तर विसंगती सिद्धच होत नाही. बरं, ती सिद्ध झाली तरी तो जबाब स्वतंत्र पुरावा ठरत नाही. मुद्देमालाचंही तसंच. पंचनाम्यातलं सील, मुद्देमाल रजिस्टरचा नंबर, प्रयोगशाळेत पार्सल पोचवणाऱ्या शिपायाची साक्ष, यातली एक कडी निसटली की रासायनिक अहवालाचं वजन घटतं. ही कागदपत्रं साक्षीच्या सकाळी नव्हे, आरोप निश्चित होण्याआधी तपासायची असतात.

या पदावरच्या माणसाची समाजसेवा आम्ही सत्कारांवरून मोजत नाही. विधी सेवा समितीच्या शिबिरात गावकऱ्यांना एफआयआरची प्रत फुकट मिळते हे सांगणं, अत्याचारपीडितेचा मनोधैर्य या अर्थसाहाय्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला का ते बघणं, ही खरी कामं. पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यात वकील लहान मुलाला थेट प्रश्न विचारत नाही, प्रश्न न्यायाधीशांकडे देतो आणि ते मुलाला विचारतात. म्हणून प्रश्न मुलाला कळतील इतके सोपे लिहून आणणारा वकील आम्हाला मोठा वाटतो. आणि साक्षीदाराचा भत्ता! रोजंदारी बुडवून आलेला मजूर तीन तारखा रिकाम्या हाताने परतला, की चौथ्या तारखेला येतच नाही, किंवा आला तर समोरच्यांशी बोलून आलेला असतो. भत्त्याचा अर्ज एका पानाचा असतो, तो पहिल्याच तारखेला द्यावा.